पाण्याखालची भिंत कोणाची?

पालीच्या तिठ्यावर एसटीतून उतरा. एक रस्ता लांज्याकडे वळून गोव्याला निघालेला, दुसरा नाणीज, साखरप्यावरून आंबा घाट चढणारा. तुम्ही दोन्ही सोडा आणि वस्तीमागच्या पाखाडीला लागा. थोडे वर गेलात की काजूच्या बागेला घातलेला गडगा दिसेल. जांभ्याचे बेढब दगड एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. जवळ जा, वाकून पाहा. दोन्ही अंगांना मोठे दगड आहेत आणि पोटात चिपा ठासलेल्या आहेत. खालच्या दोन दगडांचा सांधा जिथे येतो, तिथे वरच्या दगडाचे पोट बसवले आहे. फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. त्या फटी नसत्या तर हा गडगा पहिल्याच आषाढात आडवा झाला असता. या मुलखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ते पाणी भिंतीला न ढकलता भिंतीतून निघून जाते.

हे ज्याने रचले त्याचे नाव कुठे लिहिलेले नाही, आणि तरी कोणी रचले याबद्दल गावात वाद नाही. गावच्याच कोणीतरी. आता आपण मागे जाणार आहोत, अशा भिंतींकडे, जिथे हे साधे उत्तर कोणालाच पुरत नाही.

पहिला मुक्काम जवळचा आहे. १२ फेब्रुवारी १७५६. डांबर नाही, तिठा नाही. लांजा, राजापूर, खारेपाटण करत तुम्ही पायी वाघोटण खाडीच्या मुखाशी आला आहात आणि विजयदुर्गाच्या तटावर उभे आहात. इंग्रज याला घेरिया म्हणतात. किल्लेदाराच्या माणसांना तुमच्याकडे बघायला वेळ नाही, कारण अॅडमिरल वॉटसनचे आरमार रांगेने खाडीत शिरते आहे. पुढारी जहाज ‘केंट’. प्रत्येक बाजूला तोफांच्या ओळीवर ओळी. पायाखालचा चिरा थरथरतो, मग आवाज येतो. जमिनीकडून रॉबर्ट क्लाइव्हचे पायदळ आहे, पेशव्यांकडून रामाजी महादेव आहेत, आणि किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे स्वतः किल्ल्यात नाहीत. ते पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेलेले आहेत.

खाडीत आंग्र्यांची गलबते आणि गुराबा एकमेकांना बांधून ठेवलेल्या. त्यांत ‘रिस्टोरेशन’ नावाचे एक मोठे जहाज आहे, आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकलेले. एक गोळा त्याच्यावर पडतो. आधी धूर, मग शिडाच्या दोरांवरून ज्योत, आणि बघता बघता दोरखंडांनी बांधलेले सगळे आरमार पेट घेते. राळ, तेल पाजलेले सागवान, काथ्या असा जळका वास तटापर्यंत येतो. कान्होजी आंग्र्यांनी उभ्या केलेल्या दर्यासत्तेचा हा शेवटचा दिवस आहे. डोळे मिटू नका, पाहा.

तुमच्या शेजारी एक म्हातारा तांडेल बुरुजाला टेकून बसला आहे. तो आगीकडे बघत नाही, पश्चिमेच्या उघड्या दर्याकडे बघतो आहे.

“झिला, पाण्याखाली काय आसा, ता आमकांच ठाऊक.”

तांडेल माझ्या कल्पनेतला आहे, पण त्याच्या तोंडचे वाक्य किनाऱ्यावर आजही ऐकू येते. विजयदुर्गाच्या पश्चिमेला समुद्रात बुडालेली भिंत आहे, शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, असे पिढ्यान् पिढ्या सांगतात. कोणी ती शिवाजी महाराजांनी घातली म्हणतो, कोणी कान्होजींचे नाव घेतो. पाण्यात उतरून पाहणाऱ्यांनी त्या जागी जांभ्याच्या दगडांचा बांध असल्याचे नोंदवले. त्याची मापे सांगितली जातात ती अशी: लांबी १२२ मीटर, उंची ३ मीटर, रुंदी ७ मीटर, पाण्याची खोली ८ ते १० मीटर.

या मापांशी थोडा वेळ थांबू, कारण ती बोलकी आहेत. आठ ते दहा मीटर पाण्यात तीन मीटरचा बांध म्हणजे माथ्यावर पाच ते सात मीटर पाणी. सत्तर तोफांचे युरोपीय जहाज पाच-सहा मीटर पाण्यात बुडालेले असे. ओहोटीला अशा जहाजाचा तळ त्या बांधाला लागू शकतो. आंग्र्यांचे उथळ तळाचे गलबत मात्र वरून सहज निघून जाईल. म्हणजे कल्पना वेडगळ नाही. उलट ज्यांनी गिर्ये येथे खडक फोडून जहाजांची गोदी केली, ज्यांनी या किल्ल्याला तिहेरी तट घातले, त्यांना भरतीची वेळ साधून होड्यांतून दगड सोडणे कठीण नव्हते.

पण १७५६ चा हा दिवसही साक्षीदार आहे. वॉटसनची मोठी जहाजे तुमच्या डोळ्यांदेखत आत शिरली आणि कोणत्याही भिंतीने त्यांतले एकही अडवले नाही. १२२ मीटरचा बांध खाडीचे तोंड बंद करत नाही; फार तर पश्चिमेकडून तटाच्या अगदी जवळ येऊन तोफा डागणाऱ्याला तो दूर ठेवील. मला विजयदुर्गाची भिंत माणसाची असणे शक्य वाटते, ते याच कारणाने: तिचे माप माणसाच्या आवाक्यातले आहे, तिचे काम मर्यादित आहे, आणि बांधणारे हात शंभर पावलांवर राहत होते. १३ तारखेला किल्ला पडला. ‘अभेद्य’ भिंतीची गोष्ट त्यानंतरही टिकून राहिली.

आता उत्तरेला चला. भाट्याची खाडी, जयगड, दाभोळ, हर्णै. वाटेत केळशीला भारजा नदीच्या मुखाशी वाळूची प्रचंड टेकडी लागेल. तिच्या पोटातून खापरे, हाडे आणि नाणी निघाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून मांडले की ही वाळू त्सुनामीने आणून टाकली. १५२४ मध्ये वास्को द गामाच्या ताफ्याला दाभोळच्या आसपास समुद्र उसळलेला अनुभवास आला, त्याच्याशी त्यांनी ती जोडली. या निष्कर्षावर मतभेद होऊ शकतात. पण त्याच्यावर वाद घालायला हातात काहीतरी आहे: थर आहे, थरात खापर आहे, खापराजवळ नाणे आहे.

त्याच डॉ. मराठ्यांचा दुसरा दावा आपल्याला इथवर घेऊन आला आहे. श्रीवर्धनच्या किनाऱ्यालगत समुद्रात सुमारे २४ किलोमीटर लांबीची भिंत आहे, सरासरी २.७ मीटर उंच आणि २.५ मीटर रुंद, आणि ती माणसांनी सुमारे ८,००० वर्षांपूर्वी बांधली, असे त्यांनी जाहीर केले. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. मग त्या भिंतीला धनी मिळत गेले. बुडालेली नगरी आली, सिंधू संस्कृतीहून जुनी संस्कृती आली, आणि समुद्र मागे हटवणाऱ्या परशुरामाच्या भूमीत देवाने आखून दिलेली सीमा तर आपसूकच आली. परग्रहावरचे पाहुणेही मागे राहिले नाहीत.

तर आठ हजार वर्षे मागे जाऊ.

श्रीवर्धनच्या पुळणीवर उभे राहिलात आणि पाणीच दिसेना. हिमयुगाचे बर्फ वितळून समुद्र वर चढतो आहे, पण आजच्या पातळीला यायला त्याला अजून दहा-पंधरा मीटर चढायचे आहे. पश्चिमेकडे काही किलोमीटर सपाट, ओलसर जमीन पसरली आहे. झुडपे, खारफुटीची बेटे, मधून वाहणारे ओहोळ. तुम्ही चालत राहता. धुराचा वास येतो. एका उंचवट्यावर वीस-पंचवीस माणसे आहेत. शिंपल्यांचा ढीग. एक बाई गारगोटीच्या खड्यावर दगडाने अलगद टोला मारते आणि नखाएवढे पाते निघते, इतके धारदार की तुमचे बोट नुसते टेकले तरी रक्त येईल. ही पाती लाकडात किंवा हाडात ओळीने बसवली की भाला होतो, सुरी होते. मध्याश्मयुगातली ही माणसे अडाणी नाहीत. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर, उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथे कातळात कोरलेली चित्रे अनेक संशोधक याच काळाकडे नेतात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची डझनावारी चित्रे आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणची ही कातळशिल्पे दाखल झाली. तेव्हा या माणसांना ‘भिंत बांधता आली नसती’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

शिकारी-अन्नसंकलक टोळ्यांनी भिंती घातल्याचे जगात दाखले आहेत. बाल्टिक समुद्रात जर्मनीच्या किनाऱ्याजवळ २१ मीटर पाण्याखाली सुमारे एक किलोमीटरची दगडांची ओळ सापडली. २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. उंची एक मीटरही नाही. दहा हजार वर्षांपूर्वी रेनडियरचे कळप वळवण्यासाठी ती घातली असावी. इस्रायलच्या कार्मेल किनाऱ्यावर तेल ह्रेझ इथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांनी चढत्या समुद्रापुढे शंभर मीटरहून लांब दगडी बांध घातला होता, आणि बांधामागे त्यांचे गावही सापडले. एकीकडे कळप, दुसरीकडे गाव. दोन्ही ठिकाणी मापे माणसांच्या संख्येला शोभणारी आहेत.

आता आपल्या भिंतीचे गणित मांडा. २४ किलोमीटर लांब, २.७ मीटर उंच, २.५ मीटर रुंद. दगड झाला १,६२,००० घनमीटर. काळवत्रीचा असेल तर साडेचार लाख टन. डोक्यावर एका खेपेला तीस किलो धरले तर दीड कोटी खेपा. समोरच्या उंचवट्यावरच्या माणसांची संख्या चौपट करा, शंभर धडधाकट माणसे घ्या, प्रत्येकाने रोज दहा खेपा घालायच्या. पावसाळा न धरता, सुट्टी न घेता १५,००० दिवस लागतील, म्हणजे एक्केचाळीस वर्षे. या काळात त्यांच्यासाठी मासे कोण धरणार, कंद कोण उकरणार? दगड कुठून काढला? दीड कोटी खेपांनी मळलेली वाट कुठे आहे? एक्केचाळीस वर्षांच्या जेवणाचे शिंपले कुठे आहेत? भिंत एकटी बांधली जात नाही. तिच्यामागे खाण असते, चूल असते, उकिरडा असतो, मेलेल्यांची हाडे असतात. मानवनिर्मितीच्या बाजूने पुढे आले ते मुख्यतः सरळ रेष आणि एकसारखे माप. माझ्या मते तोच पुरावा दुसऱ्या बाजूचा आहे.

तो का, हे पाहायला आणखी मागे जावे लागेल. हा शेवटचा मुक्काम.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. पाली नाही, सह्याद्री नाही, समुद्रही नाही. श्वास घेऊ नका, हवेत गंधक आहे. पायाखाली काळ्या लाव्हाचे थर, एकावर एक, दख्खनच्या सपाट लाद्या. जमीन पूर्व-पश्चिम ताणली जाते आहे, कारण भारताच्या पश्चिमेकडचा तुकडा सुटा व्हायच्या बेतात आहे. तो पुढे सेशेल्स होऊन आफ्रिकेकडे राहील. ताण पूर्व-पश्चिम, म्हणून भेगा उत्तर-दक्षिण. तुमच्या समोर एक भेग उघडते, दोन-अडीच मीटर रुंद, नजर पोचते तिथवर सरळ. खालून लाल रस चढतो आणि ती काठोकाठ भरतो. मग तो थिजतो. दोन्ही बाजूंच्या थंड खडकाकडून आत थिजत येतो, आणि थिजताना आडवा तडकतो. आडव्या बहुकोनी कांड्या तयार होतात, एकीवर एक, पावसाळ्यापूर्वी पडवीत रचून ठेवलेल्या लाकडांसारख्या. भेगेत थिजलेल्या अशा खडकाला भूगर्भशास्त्रज्ञ भित्ती किंवा डाईक म्हणतात. पुढे कोट्यवधी वर्षांत आजूबाजूचा मऊ खडक झिजतो आणि कठीण भित्ती उभी राहते. मुंबईच्या दक्षिणेला, मुरुडच्या बाजूला किनाऱ्याशी समांतर अशा भित्तींचे झुपकेच्या झुपके आहेत आणि त्यांचा रीतसर अभ्यास झालेला आहे.

आता ती बातमी पुन्हा आठवा. मैलोगणती सरळ का? भेग सरळ होती. रुंदी सारखी का? भेग सारखी उघडली. किनाऱ्याला समांतर का? ज्या ताणाने भेग पाडली, त्याच ताणाने हा किनाराही घडवला. दगडावर दगड रचल्यासारखे का दिसते? कांड्यांमुळे. एका कारणात चार प्रश्न सुटतात, आणि दीड कोटी खेपा कोणाच्या डोक्यावर द्याव्या लागत नाहीत.

किनाऱ्यावर दुसरा एक बहुरूपी आहे, करळ. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपले चुन्याने सांधले जातात, फरशा होतात, त्या चौकोनी तडकतात. बहामातल्या बिमिनी इथे १९६८ मध्ये असाच पाण्याखालचा ‘रस्ता’ सापडला आणि तो बुडालेल्या अटलांटिसचा म्हणून गाजला. यूजीन शिन यांनी शेजारशेजारच्या फरशांना भोके पाडून नमुने काढले. वाळूचे थर एका फरशीतून पुढच्या फरशीत तसेच चालू होते. माणसाने फरशा आणून मांडल्या असत्या तर थर जुळले नसते. टेक्सासात तर १८५० च्या दशकात विहीर खणताना जमिनीखाली ‘भिंत’ लागली आणि गावाचे नावच रॉकवॉल पडले. तीही भेगेत भरलेल्या वाळूची नैसर्गिक भित्ती निघाली.

भिंत कोणाची हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मी रागावत नाही. मीही तोच विचारतो आहे. पण कर्ता लांबून आणायची सवय निरुपद्रवी नाही. झिंबाब्वेतल्या ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधल्या. गोऱ्या वसाहतवाल्यांना ते पटेना. त्यांनी फिनिशियन आणले, शेबाची राणी आणली. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी खणून दाखवले की हे काम आफ्रिकी माणसांचेच आहे, तरी सत्ताधाऱ्यांनी दंतकथा पुढे कित्येक दशके चालवली, कारण तीत त्यांची सोय होती. आपल्याकडे लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणतात. त्यात द्वेष नाही, भक्ती आहे. पण छिन्नी धरलेला पाथरवट त्यातही पुसला जातो. कातळशिल्पे परग्रहवासीयांनी काढली असे ऐकले की मला त्या गारगोटीवर टोला मारणाऱ्या बाईचा अपमान झाल्यासारखे वाटते.

म्हणून माझा कौल असा. विजयदुर्गाचा बांध माणसाचा असणे संभवते, आणि तो बांधणारे किल्ल्याच्या आसपासचेच असणार. श्रीवर्धनची २४ किलोमीटरची रेष निसर्गाची आहे असे मला वाटते. अधूनमधून माणसांनी तिचा उपयोग केला असेल, तिच्यावर चार दगड ठेवून ओहोटीला मासे अडवले असतील. तसे असेल तर तेच खरे शोधण्याजोगे आहे. यासाठी पाणबुड्याने काढलेले फोटो पुरणार नाहीत. दगडाचा नमुना काढून त्याची जात पाहायला हवी, तो आजूबाजूच्या खडकात खोल रुतला आहे की वाळूवर टेकला आहे हे पाहायला हवे, आणि पायथ्याचा गाळ चाळून खापर, कोळसा, पाते मिळते का हे तपासायला हवे. एक जरी खापर जागच्या थरात मिळाले, तर मी माझा कौल आनंदाने बदलीन.

आणि एक विनंती, कोकणात घर असणाऱ्यांना. पाण्याखाली कुठे खडकाची ओळ आहे हे आपल्या तांडेलांना माहीत असते, कारण तिथे जाळी अडकते आणि फाटते. वडिलांकडून मुलाला सांगितलेल्या त्या जागांच्या खुणा कागदावर नाहीत. हाती मोबाईल आहे, त्यात जागा नोंदवण्याची सोय आहे. हर्णै, दाभोळ, जयगड, मिरकरवाडा, नाटे, विजयदुर्ग इथल्या म्हाताऱ्या तांडेलांबरोबर बसा, त्यांच्या अडकणाऱ्या जागा, त्यांच्या तोंडची नावे आणि खोली लिहून घ्या आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल किंवा भूगर्भशास्त्राच्या विभागाकडे द्या. सड्यावर चिरेखाण सुरू होणार असेल तर आधी कातळ झाडून पाहा, रेघा दिसल्या तर तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. हे काम पुढच्या पावसाळ्याआधी करता येते.